पिवळी गाडी आणि एकराचे उत्पन्न

सकाळी पावणेसातला आपल्या भागातल्या कोणत्याही फाट्यावर जाऊन उभे राहा. थंडीचे दिवस असतील तर धुक्यातून आधी दोन दिवे दिसतात आणि मग पिवळी गाडी. फाट्यावर पाच-सात मुले उभी असतात. गळ्यात टाय, पायात काळे बूट, पाठीवर त्यांच्या वजनाला न शोभणारे दप्तर. कुणाचा बाप धार काढून तसाच आलेला असतो, हाताला दुधाचा वास. तो मुलाला उचलून गाडीच्या पायरीवर ठेवतो आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत तिथेच थांबतो. त्याच फाट्यापासून दोनशे पावलांवर जिल्हा परिषदेची शाळा असते. तिथे फी नाही, पुस्तके फुकट, दुपारचे जेवणही मिळते. तरी तो माणूस पोराला अकरा-बारा किलोमीटर लांब पाठवतो आणि त्यासाठी पैसे मोजतो.

श्रोतेहो, या माणसाला अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण तो अडाणी नाही. आपल्या पोराने आपल्यासारखे उन्हात राबू नये, एवढीच त्याची इच्छा आहे, आणि त्या इच्छेला कोणी नावे ठेवू नयेत. प्रश्न वेगळा आहे. तो जे पैसे मोजतो त्यांच्या बदल्यात त्याच्या पदरात नेमके काय पडते, हा तो प्रश्न. बैल घेताना दात पाहतो, बियाणे घेताना पिशवीवरची तारीख पाहतो. मग शाळा घेताना काय पाहायचे?

मी तालुक्याच्या गावी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. पण केवळ त्या जोरावर बोलत नाही. माझा मुलगाही चार वर्षे अशाच पिवळ्या गाडीने जात होता. त्यामुळे जे सांगतो आहे त्यात थोडी कबुलीही आहे, ती पुढे येईलच.

आधी एका शब्दाचा घोळ सोडवू. महाराष्ट्रात 'खाजगी शाळा' म्हटले की दोन अगदी निराळ्या गोष्टी एकाच नावाखाली येतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली. तिच्यासारख्या संस्थांची जी हायस्कुले गावोगाव आहेत तीही कागदोपत्री खाजगीच. पण शिक्षकांचा पगार सरकार देते आणि मुलांवर फीचा बोजा नसल्यासारखाच असतो. यांना अनुदानित म्हणतात. दुसऱ्या त्या विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित. त्यांचा सारा खर्च पालकांच्या फीतून चालतो. पिवळ्या गाड्या बहुतेक या दुसऱ्या प्रकारच्या. आज मी जे बोलणार आहे ते या दुसऱ्या प्रकाराबद्दल, आणि मुख्यतः बालवर्गापासून आठवीपर्यंतच्या वयाबद्दल.

आता हिशोब. माझी थोरली बहीण, तिला आम्ही आक्का म्हणतो, तिच्या घरचे उदाहरण घेतो, कारण दाजी वहीत सगळे लिहून ठेवतात. तीन एकर कोरडवाहू, एक विहीर आहे पण मार्चनंतर तळ दाखवते. थोरली मुलगी, मधला मुलगा आणि बऱ्याच वर्षांनी झालेले एक शेंडेफळ. मधल्या मुलाला त्यांनी इंग्रजी शाळेत घातले. मुलगी गावातल्याच शाळेत राहिली. "ती जायची परक्या घरी," असे दाजी काही बोलले नाहीत. पण बोलले नाहीत म्हणून हिशोबातून ते सुटले असे होत नाही. दोघांची फी झेपत नव्हती, एकाची भरायची होती, आणि ती कुणाची भरायची हे घरात कुणी विचारलेसुद्धा नाही. खेड्यापाड्यांत पिवळ्या गाडीच्या खिडक्या मोजा. मुलगे जास्त आणि मुली कमी असे तुम्हालाही पुष्कळदा दिसेल.

दाजींच्या वहीतले सहावीच्या वर्षाचे पान असे: शाळेची फी २२,००० रुपये. गाडीचे ९,०००. पुस्तके, वह्या, गणवेश, बूट मिळून ६,५००. सहल, गॅदरिंग, परीक्षा यांचे २,०००. आणि घरी अभ्यास घ्यायला कुणी नाही म्हणून गावातल्या एका पदवीधर मुलाची शिकवणी, महिना ५०० प्रमाणे दहा महिन्यांचे ५,०००. बेरीज ४४,५००. आता शेताकडे या. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला. एकरी आठ क्विंटल उतारा पडला, आणि कोरडवाहूत तो बरा म्हणायचा, तर एका एकराचे ४२,६२४ रुपये झाले. यातून अजून बियाणे, खत, फवारणी, काढणी, मळणी जायची आहे. शिवाय बाजारात हमीभाव हातात पडेलच असे नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. म्हणजे एका पोराच्या एका वर्षाच्या शाळेला एक एकर पूर्ण जातो, तोही खर्च न वजा करता. तीन एकरांतला एक एकर दाजींनी आठ वर्षे शाळेला जोडून दिला होता, असेच म्हणायचे. मध्ये एकदा म्हैस विकली. एकदा पतसंस्थेचे कर्ज काढले. वहीत व्याजाचा रकाना वेगळा आहे.

इतके देऊन मिळाले काय? याचे उत्तर दाजी देऊ शकत नाहीत, मीही देऊ शकत नाही. कारण तोच मुलगा गावच्या शाळेत राहिला असता तर काय झाले असते हे कुणी पाहिलेले नाही. म्हणून पुष्कळ मुलांची पाहणी ज्यांनी केली त्यांच्याकडे वळावे लागते.

'प्रथम' या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून 'असर' नावाची पाहणी ग्रामीण भारतात होत आली आहे. तिचे कार्यकर्ते घरोघर जातात आणि मुलापुढे दुसरीच्या पुस्तकातल्यासारखा एक छोटा उतारा ठेवतात. वाचता आला की नाही, एवढेच पाहायचे. २०२४ च्या पाहणीत देशभर पाचवीत शिकणाऱ्या सरकारी शाळांतल्या मुलांपैकी ४४.८ टक्क्यांना तो उतारा वाचता आला, खाजगी शाळांतल्या मुलांपैकी ५९.३ टक्क्यांना. फरक चौदा-साडेचौदा टक्क्यांचा. हे आकडे ऐकले की फी भरणारा म्हणेल, बघा, मी सांगत नव्हतो? आणि खाजगी शाळेतही पाचवीची शंभरांतली चाळीस मुले दुसरीचे वाचू शकत नाहीत, ही गोष्ट त्याच्या कानावरून तशीच निघून जाईल.

पण त्या फरकातही एक गोम आहे. बियाणे कंपनीचा माणूस प्रात्यक्षिकाचा प्लॉट कुठे घेतो? काळ्या, भारी, पाण्याच्या रानात. आणि तुमचे रान मुरमाड. त्याच्या प्लॉटचे पीक पाहून तुम्ही म्हणालात की बियाणे फार चांगले, तर फसगत होईल; त्यात जमिनीचे किती आणि बियाण्याचे किती हे कळलेच नाही. शाळेचे तसेच आहे. जे आईबाप फी भरू शकतात त्यांच्या घरी बहुधा थोडे अधिक शिकलेले माणूस असते, घरात वर्तमानपत्र येते, मुलाला गुरांमागे पाठवत नाहीत, आजारी पडला तर दवाखान्यात नेतात. हा मुलगा कोणत्याही शाळेत गेला असता तरी काही पुढेच राहिला असता. शाळेने त्यात स्वतःची भर किती घातली, हे निवडून काढायला हवे.

ते निवडून काढायचा खरा उपाय एकच. एकाच प्रतीच्या रानाचे तुकडे करायचे, चिठ्ठ्या टाकायच्या, आणि चिठ्ठी निघेल त्या तुकड्यात हे बियाणे, उरलेल्यात ते. शाळांच्या बाबतीत असे कोण करणार? पण ते झाले आहे, आणि आपल्या शेजारीच झाले आहे. आंध्र प्रदेशात, राज्याची विभागणी होण्यापूर्वी, २००८ पासून चार वर्षे १८० गावांत हा प्रयोग चालला. सरकारी शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पालकांकडून अर्ज घेतले, सोडत काढली, आणि ज्यांचे नाव निघाले त्यांची खाजगी शाळेतली फी, पुस्तके, गणवेश यांचा खर्च उचलला. ज्यांचे नाव निघाले नाही ती मुले होती तिथे राहिली. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी या मुलांच्या परीक्षा घेतल्या, दोन वर्षांनी एकदा आणि चार वर्षांनी पुन्हा, आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले.

तेलुगूत आणि गणितात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. दोन वर्षांनीही नाही, चार वर्षांनीही नाही. हिंदीत मात्र खाजगी शाळेतली मुले बरीच पुढे होती, कारण सरकारी प्राथमिक शाळांत हिंदी शिकवतच नसत. इंग्रजीत थोडीशी सरशी, पण ती इतकी लहान की खात्रीने काही म्हणता येऊ नये.

आता या निष्कर्षाची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, नाहीतर मी सरकारी शाळांचा वकील ठरेन. त्या खाजगी शाळा एका मुलामागे सरकारच्या खर्चाच्या एक तृतीयांशाहूनही कमी खर्च करत होत्या. त्यांच्या शिक्षकांना पगार कितीतरी कमी होता. तरी ते शिक्षक कमी गैरहजर राहत, शाळेचा दिवस मोठा होता, एका वर्गात दोन-तीन इयत्ता कोंबण्याचे प्रमाण कमी होते. तेलुगू आणि गणिताला कमी वेळ देऊनही त्यांनी बरोबरी साधली, आणि उरलेल्या वेळात दुसरे विषय शिकवले. म्हणजे शाळा काटकसरीने चालवण्यात त्या सरस होत्या यात शंका नाही. पण काटकसरीचा हा लाभ राज्याच्या तिजोरीच्या दृष्टीने झाला. दाजींना तिजोरीशी काय करायचे आहे? त्यांच्यापुढे एकीकडे फुकट शाळा आणि दुसरीकडे एक एकर. त्यांच्या दृष्टीने निष्कर्ष असा निघतो की भाषा आणि गणित यांसाठी तो एकर देण्याचे कारण नव्हते.

यावर दाजींचे उत्तर ठरलेले असे. "मास्तर, गणित तिकडंबी येतं, मला ठाव हाय. मी पैसे देतो ते इंग्रजीचे."

इथे माझी कबुली येते. माझा मुलगा तिसरीत होता. इंग्रजी पुस्तक असे धडाधड वाचायचा की शेजारचे लोक कौतुकाने ऐकायचे आणि मी फुगायचो. एका रविवारी त्याच्या पुस्तकातले एक गणित मी त्याला वाचायला सांगितले. एका शेतकऱ्याकडे तीन डझन केळी आहेत, त्याने पंधरा विकली, उरली किती? त्याने इंग्रजीत एका दमात वाचले आणि गप्प बसला. मला वाटले वजाबाकी येत नाही. मग तेच मी मराठीत सांगितले. माझे वाक्य पुरे व्हायच्या आत तो म्हणाला, "एकवीस." त्याला डझन ठाऊक होता, वजाबाकी ठाऊक होती, इंग्रजी वाक्याच्या आत काय आहे ते ठाऊक नव्हते. तीन वर्षे तो असेच वाचत होता आणि मी, महाविद्यालयात शिकवणारा माणूस, ते वाचणे म्हणजे शिकणे समजत होतो. चौथी संपताच त्याला मराठी शाळेत आणले. आता तो सेमी-इंग्रजीत आहे, म्हणजे भाषा आणि इतिहास-भूगोल मराठीत, गणित आणि विज्ञान इंग्रजीत. बरा चालला आहे. फार हुशार वगैरे नाही.

त्याच्या जुन्या शाळेतल्या बाईंना मी दोष देत नाही. त्या स्वतः मराठी शाळेत शिकलेल्या, पगार तुटपुंजा, वर्गात चाळीस मुले. मुलांशी इंग्रजीत बोलण्याचा नियम होता म्हणून त्या ठरलेली पन्नास-साठ वाक्ये बोलत. पोर घरी येऊन 'मे आय ड्रिंक वॉटर' म्हणते तेव्हा आजी हरखून जाते, आणि जावेच. पण त्या साठ वाक्यांपलीकडची इंग्रजी ज्या शिक्षकाला येते तो शोधा, आणि मग फी ठरवा.

इंग्रजीचे मोल नाही असे मात्र मी मुळीच म्हणणार नाही. २००५ सालच्या एका मोठ्या राष्ट्रीय पाहणीवरून आझम, चिन आणि प्रकाश या अभ्यासकांनी २०१३ साली हिशोब मांडला. अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषांची तासाची कमाई, शिक्षण आणि घरची परिस्थिती सारखी धरूनही, इंग्रजी न येणाऱ्यांपेक्षा सुमारे ३४ टक्क्यांनी अधिक निघाली. थोडेबहुत इंग्रजी येणाऱ्यांची १३ टक्क्यांनी. हे काही थोडेथोडके नाही. पण त्याच अभ्यासात पुढे एक गोष्ट आहे आणि ती ऐकण्यासारखी आहे. तरुण कामगारांत हा लाभ ज्यांचे शिक्षण वरपर्यंत झाले होते त्यांनाच मिळत होता. नुसते इंग्रजी आले पण शिक्षण मध्येच सुटले, अशा तरुणाला बाजाराने फारसे काही जादा दिले नाही. इंग्रजी ही बैलजोडीतली एक बाजू झाली. दुसऱ्या बाजूला पदवी, पदविका, काहीतरी पुरे केलेले शिक्षण हवे. आता विचार करा. आठवीपर्यंतच्या फीत ज्या घराची सारी शिल्लक संपते, त्या घराला बारावीनंतर, म्हणजे जेव्हा खरोखर पैसा लागतो आणि जेव्हा इंग्रजी फळाला येते, तेव्हा हात वर करावे लागतात. पेरणीलाच सगळे खत टाकून फुलोऱ्याच्या वेळी पोते रिकामे, त्यातली गत.

आणि इंग्रजी फक्त इंग्रजी शाळेतच मिळते हाही एक समज आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी विषय आहे. तो सर्वत्र नीट शिकवला जातो असे मी म्हणत नाही. पण दाजींनी शिकवणीला दिलेले ते ५,००० रुपये जर गावच्या शाळेत जाणाऱ्या मुलाच्या इंग्रजीवर खर्च झाले असते, तर ३९,५०० रुपये वाचून इंग्रजी बहुधा तेवढेच आले असते.

आक्काच्या घरी पुढे काय झाले ते सांगतो. मुलगा सहावी पास झाला त्या वर्षी सोयाबीन काढणीला आले आणि पावसाने झोडपले. शेंगांतच कोंब फुटले. दुसऱ्या सत्राची फी राहिली. सातवीला त्याला गावच्या शाळेत आणायचे ठरले तर शाळेने दाखला अडवला. आधी बाकी भरा, मग दाखला. आक्काने मला फोन केला, रडत होती. शाळेचे नाव मी सांगत नाही, कारण असे करणारी ती एकटीच नाही. पण कायदा काय म्हणतो ते सांगतो, कारण तो कुणाच्याही उपयोगी पडेल. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या पाचव्या कलमानुसार मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागण्याचा हक्क आहे. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकाने दाखला तत्काळ दिला पाहिजे, आणि दाखला मिळायला उशीर झाला एवढ्या कारणावरून नव्या शाळेने प्रवेश नाकारता कामा नये. गावच्या मुख्याध्यापकांना हे कलम माहीत होते. त्यांनी दुसऱ्याच दिवशी मुलाला वर्गात बसवले. बाकीची रक्कम दाजींनी पुढच्या वर्षी हप्त्याने भरली. देणे ते देणे, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

आणि मुलगी? ती आठवीत असताना तिच्या सरांनी तिला राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवले. ही परीक्षा फार थोड्या घरांना माहीत असते. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपर्यंत असेल तर आठवीतल्या मुलामुलींना ती देता येते. उत्तीर्ण होऊन निवड झाली तर नववी ते बारावी अशी चार वर्षे वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे एकूण ४८,००० मिळतात. गंमत अशी की ही परीक्षा सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठीच आहे. विनाअनुदानित शाळेत फी भरून शिकणाऱ्या मुलाला तिचा लाभ नाही. तेव्हा फीचा हिशोब करताना जे हातचे सुटते तेही खर्चाच्या बाजूला मांडावे लागते. मुलीची निवड झाली. ज्या लेकरावर घराने दमडी खर्च केली नव्हती ते घरात पैसे घेऊन आले. दाजींनी त्या दिवशी वहीत जमेच्या बाजूला तिचे नाव लिहिले. आक्काने मला ते पान दाखवले.

नवोदय विद्यालयाचेही असेच. सहावीला प्रवेश, राहणे-जेवण-शिक्षण मोफत, आणि निदान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी. पाचवीत असतानाच परीक्षा असते, म्हणून चौथीपासून डोळ्यांसमोर ठेवावी.

फी न भरता खाजगी शाळेत जाण्याचाही एक मार्ग आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या बाराव्या कलमाने विनाअनुदानित शाळांतल्या प्रवेशवर्गाच्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखल्या आहेत. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य शासनाने नियम बदलला आणि एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या बंधनातून मोकळे केले. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्द ठरवला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. म्हणजे या जागा आहेत. पण एक सावधगिरी: हे मोफत शिक्षण आठवीपर्यंतच आहे. नववीला पूर्ण फी सुरू होते. आधीपासून ठाऊक असले म्हणजे त्या वेळी घर हादरत नाही.

ज्यांची मुले आज फीच्या शाळेतच आहेत त्यांनी हे लक्षात ठेवावे की महाराष्ट्रात फीवर कायदा आहे, २०११ चा. प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असली पाहिजे. फीचा प्रस्ताव त्या समितीपुढे यावा लागतो, आणि एकदा मंजूर झालेली फी दोन शैक्षणिक वर्षे बदलता येत नाही. प्रवेशासाठी देणगी घेणे आणि लहान मुलाची किंवा आईबापांची चाळणी परीक्षा घेणे, दोन्ही शिक्षण हक्क कायद्याने गुन्हा आहे. पावतीशिवाय पैसे देऊ नका, इतके जरी पाळले तरी बरेच साधते.

मग फीची शाळा कधीच घेऊ नये काय? तसे नाही. गावच्या शाळेत चार वर्गांना एकच शिक्षक उरला असेल आणि तोही तालुक्याला बैठकींत अडकत असेल, तर तिथे मुलाची वर्षे वाया घालवा असे मी कोणत्या तोंडाने सांगू? ज्यांना फी कर्ज न काढता, शेत न विकता, घरातल्या दुसऱ्या लेकराच्या तोंडचे न काढता भरता येते, त्यांनी खुशाल भरावी. पण भरण्याआधी शाळेचा दात पाहावा. इमारत, टाय आणि गाडी पाहून ठरवू नये. शेजाऱ्याच्या तिसरी-चौथीतल्या मुलाला बोलवा, त्या शाळेच्या आणि आपल्या गावच्या शाळेच्याही. दुसरीच्या पुस्तकातले एक न वाचलेले पान वाचायला द्या आणि काय वाचलेस ते आपल्या शब्दांत सांग म्हणा. हातच्याची एक वजाबाकी घाला, एक साधा भागाकार घाला. दहा मिनिटांचे काम. 'असर'चे कार्यकर्ते याहून फारसे निराळे काही करत नाहीत, आणि तुम्हाला त्यासाठी माझ्यासारख्या एम. ए. झालेल्या माणसाची गरज नाही.

आता दोन शब्द शिक्षक बंधुभगिनींशी. पालक इंग्रजीपायी जातात असे आपण म्हणतो, आणि ते काही अंशी खरेच आहे. पण मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांतल्या अनेकांनी इंग्रजीच्या आधी दुसरेच सांगितले: गुरुजी वर्गात नसतात. आता गुरुजी कुठे असतात हे मला माहीत आहे. माहिती भरण्यात, छायाचित्रे पाठवण्यात, तांदळाचा हिशोब लावण्यात. कायद्याचे सत्ताविसावे कलम जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये म्हणते, आणि तरी कामे येतच राहतात. पण बापाला कारण दिसत नाही, रिकामी खुर्ची दिसते. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. प्रत्येकाकडून तशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. निदान वर्षातून तीनदा पालकांना बोलावून त्यांच्यादेखत मुलांकडून वाचून घ्या. बापाने आपल्या कानांनी ऐकले की त्याला पिवळ्या गाडीची घाई राहत नाही.

पट घसरण्याचे भय तर तुम्हाला आहेच. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, त्यापुढे तीन, असे कायद्याचे प्रमाण आहे. चार-पाच मुले गेली की एक शिक्षक जातो, आणि शिक्षक गेला की आणखी मुले जातात. आंध्रातल्या त्या प्रयोगात मागे राहिलेल्या मुलांचेही मोजमाप केले होते आणि सोबती गेल्याने त्यांच्या शिकण्यावर परिणाम झालेला दिसला नाही. तेव्हा जाणारा बाप मागच्यांचे नुकसान करतो असा आरोप मी करणार नाही. परंतु शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या स्त्रिया, आणि गावातले चार बोलके पालक निघून गेले की त्या बैठकीत छपराच्या गळतीबद्दल विचारणारे कुणी उरत नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे.

आक्काची मुलगी यंदा बारावीत आहे, शास्त्र शाखेला. २०२४-२५ पासून राज्य शासनाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ केले आहे, त्यात ती बसते. पण वसतिगृह आणि खानावळ यांचे पैसे घरातूनच जायचे आहेत. शेंडेफळाला सहा पुरी झाली. जूनमध्ये पिवळ्या गाडीचा माणूस कागद घेऊन दारात आला तेव्हा दाजींनी त्याला चहा पाजला, वही काढून सहावीचे ते पान पुन्हा एकदा पाहिले, आणि दुसऱ्या दिवशी पोराचा हात धरून दोनशे पावले चालत गेले. त्या एकरावर या वर्षी मुलीच्या खानावळीचा खर्च मांडलेला आहे.